कोटाचं वजन

३ फेब्रुवारी

धाकल्यास,

पाकिटावरचा पत्ता मी लॉंड्रीतल्या इस्त्रीवालीकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच परत धाडलं असतंस. अकरा वर्षांत दोनदा तसंच केलंस. आता फोडलंच आहेस तर वाच. आणि उभ्याने वाचू नकोस, बस.

तुझ्या लेकीबद्दल लिहितेय. घाबरू नकोस, खुशाल आहे. शिकायला म्हणून तू तिला इथे हॉस्टेलवर ठेवलंस आणि आत्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही असं बजावलंस. तर ती गेली तीन वर्षं दर शनिवारी माझ्याकडे जेवायला येते. शनिवारी दुकान अजूनही बंद असतं, बाबांच्या वेळेसारखंच. पोरगी येते, बडबडते, एका जागी दोन मिनिटं बसत नाही. मी तिला भिंगरी म्हणते. तू काय म्हणतोस ते तिने मला सांगितलेलं नाही.

परवा येऊन म्हणाली, "आत्या, मी लष्करात भरती झाले. वायरलेसवर घेतलंय. अठ्ठावीस तारखेला सकाळी निघायचं. बाबांना निघाल्यावर कळवीन, आधी कळलं तर ते रेल्वेपुढे आडवे पडतील." मला शपथ घालून गेली. मी शपथ घेतली आणि तिची पाठ वळल्यावर हा कागद काढला. मोडली शपथ, काय करतेस ते कर म्हणावं.

पण नुसतं तेवढंच असतं तर मी तुला लिहिलं नसतं, मीच तिच्याशी भांडले असते. तिला कोट हवाय. पणजोबांचा. आपल्या घरातून पलटणीत जाणारा प्रत्येकजण तो कोट एकदा अंगात घालतो, उंबऱ्यात उभा राहतो, दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या देवाच्या वचनांच्या डबीला हात लावतो आणि मग कोट काढून ठेवून निघतो. आजोबांनी घातला, बाबांनी घातला. तू चष्म्यामुळे नापास झालास म्हणून तुझी वेळ आली नाही. हे सगळं तिला तूच सांगितलंयस, मोठ्या अभिमानाने, आणि शेवटी म्हणालास की कोटाला कसर लागली, आत्याने जाळला.

कसर लागली नव्हती. मी जाळला नाही. कोट माझ्याकडे आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटात. मी तुझ्याशी खोटं बोलले. का बोलले ते आज लिहीत नाही, तुला ठाऊक असेल तर असू दे. बाबांची पदकं आणि पत्र्याचं वेष्टण असलेलं प्रार्थनेचं पुस्तक तेवढं तू नेलंस, ते तुझ्याकडेच राहू दे.

पोरीला म्हटलं, सापडतोय का बघते. रविवारी कोट बाहेर काढला. तुला माहीत आहे, आमच्याकडे कुठलाही नग आला की आधी तराजूवर जातो. हात सवयीने चालले आणि कोटही तराजूवर गेला. त्याच्या कॉलरला अजून मी अकरा वर्षांपूर्वी टाचलेली चिठ्ठी आहे: दोन किलो तीनशे. काल भरला दोन किलो नऊशे.

दमट हवा लागली असेल. लोकर पाणी पिते. पण सहाशे ग्रॅम म्हणजे तीन पेले पाणी, आणि कोट हाताला कोरडा लागतो. तू गणिताचा मास्तर, तूच सांग.

ताई


९ फेब्रुवारी

धाकल्यास,

पहिलं पत्र तुला पोचलं असेल. उत्तराची वाट मी बघत नाही. बघते, पण ते असो.

शुक्रवारी इस्त्रीवालीला म्हटलं, जरा कोटाच्या पाठीवरून इस्त्री फिरव, उद्या पोरगी घालून बघणार आहे. ती बाई सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. मयताच्या चादरी आल्या, आगीतले पडदे आले, कशाला नाक मुरडलं नाही. तिने कोट टेबलावर पसरला, हात ठेवला आणि मागे सरली. म्हणाली, "बाई, हा मी नाही घेणार. हा आत्ताच कुणीतरी काढलाय. अंगाची ऊब आहे याला." मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं, कपाट उन्हाच्या भिंतीला आहे. मग मी हात लावला. भिंतीला ऊन नव्हतं, आभाळ आलं होतं. कोट काखेपाशी आणि पाठीवर गरम होता, बाकी गार.

काल दुपारी भिंगरी आली. पणजोबा दारातून वाकून यायचे असं बाबा सांगायचे, आणि ही माझ्या खांद्याला लागते. मला वाटलं, कोटात बुडेल, हसू, फोटो काढू, संपलं. धाकल्या, तिला तो बसला. बाह्या बरोबर मनगटावर, खांदे बरोबर खांद्यावर. मी आयुष्यभर लोकांचे कपडे हाताळतेय. तो कोट तिच्या मापाचा नाही, मी टेप लावून सांगते.

ती उंबऱ्यात उभी राहिली. उजवा हात चौकटीवरच्या डबीला लावला. आणि डावा हात हळूच वर आला आणि बरगडीखाली दाबून धरला. मी विचारलं, दुखतंय का गं? म्हणाली, "कुठे काय?" आणि स्वतःच्या हाताकडे अशी बघायला लागली, जणू तो दुसऱ्याचा होता.

आजोबा डाव्या कुशीवर कधी झोपले नाहीत. बाबाही नाहीत. आई म्हणायची, बापलेकांना एकच खोड. दोघेही पलटणीतून धडधाकट परत आले होते, दोघांच्याही अंगावर ओरखडा नव्हता. मी कधी याचा विचार केला नव्हता, काल केला.

कोट काढल्यावर तिच्या पांढऱ्या शर्टावर तिथेच ओल होती. तळहाताएवढी, फिकट तांबूस. ती म्हणाली, अस्तराचा रंग लागला वाटतं. मी हो म्हटलं. तिचा शर्ट मी गार पाण्यात टाकला, आणि डाग निघताना पाणी बघून मला कळलं. रंगाचं पाणी कसं दिसतं आणि दुसरं कसं दिसतं, हे मला कुणी शिकवायला नको.

तुला डाग आठवत असेल. डाव्या बाजूला, बरगडीखाली, पणजोबांना गोळी लागली त्या जागी. तपकिरी, कडेला काळपट. लहानपणी तू त्यावर बोट ठेवायचास आणि मी तुला मारायचे. आता कोटाला तो डाग नाही. मी काढला. बाबा गेले त्या आठवड्यात, आपण सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसलो होतो तेव्हा, पाचव्या दिवशी दुपारी तू स्टेशनवर कुणाला तरी आणायला गेलास आणि मी मागच्या खोलीत घमेलं घेतलं. गार पाणी, मीठ, मग गव्हाच्या पिठाचा लेप, परत गार पाणी. गरम पाणी लावलं की रक्त धाग्यात बसतं, मग ते देवालाही निघत नाही. एवढं जुनं रक्त कुणाच्या बापाला निघालं नसतं. मी काढलं, धाग्यालाही कळलं नाही.

आज सकाळी वजन केलं. चार किलो शंभर. तराजूवर माझी पिठाची एक किलोची पिशवी ठेवून बघितली. ती एक किलोच भरली.

ताई


१४ फेब्रुवारी

धाकल्यास,

काल आपल्या यहुदी कबरस्तानातल्या म्हाताऱ्याकडे गेले होते. आपल्या लोकांच्या मयतांना आंघोळ घालतो तो. बाबांना त्यानेच घातली होती. आता नव्वदीला आलाय, ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागलं. बाजूला माळी झाडत होता, त्यानेही ऐकलं. ऐकू दे. अब्रू आहे कुठे आता.

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. कसं नसेल. आपल्यात जो रक्त सांडून मरतो त्याला आंघोळ घालत नाहीत. नवीन कपडे घालत नाहीत. आहे त्या कपड्यांसकट, रक्तासकट पुरतात, कारण ते रक्त म्हणजे तोच असतो. पणजोबांच्या वेळी पलटणीतल्यांना हे कुठे ठाऊक असणार? त्यांनी चांगल्या मनाने केलं. माणसाला स्वच्छ धुतलं, कोऱ्या चादरीत गुंडाळलं, मानाने पुरलं, आणि कोट नीट घडी घालून पदकाबरोबर पणजीला पाठवून दिला. पणजीला आठवण म्हणून तेवढंच मिळालं. तिच्याकडून कोण मागणार होतं? तिने ठेवला, आजीने ठेवला, आईने ठेवला. सगळ्या जणी उन्हं दाखवत, डांबराच्या गोळ्या घालत मयताचा एक तुकडा सांभाळत राहिल्या आणि त्याला घराण्याची ठेव म्हणत राहिल्या.

बाबांनी शेवटच्या दिवशी तुला काय सांगितलं ते मीही ऐकलं होतं. दाराआड होते. "कोट त्याचा त्याला देऊन ये." बाबा पन्नास वर्षं डाव्या कुशीवर झोपले नव्हते, त्यांना कळलं होतं. आणि ते गेल्यावर तू म्हणालास, सात दिवस संपले की मी कोट घेऊन जातो आणि त्यांच्या कबरीत पुरतो.

आता लिहिते, एकदाच लिहिते. मला कोट द्यायचा नव्हता. तुला घराण्याचं नाव मिळालं, पदकं मिळणार होती, प्रार्थनेचं पुस्तक मुलग्याचंच. मला मिळालं दुकान आणि बाबांचं चार वर्षांचं आजारपण. माझ्याकडे त्या घरातलं म्हणण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, रक्तासाठीच पुरायचा ना? मग रक्तच ठेवत नाही. रक्त नसलं की नुसता कपडा राहतो, आणि कपडा पुरायचं कुणाला बंधन नाही. असा माझा शहाणपणा. गावात माझ्यासारखं डाग काढणारं कुणी नाही, आणि मी माझी विद्या वापरली ती इथे. मग कपाट लावलं आणि तुला येऊन म्हटलं, कसर लागून चाळण झाली होती, जाळून टाकला.

तू आत गेलास. बॅग उचललीस. सहा महिन्यांनी कळलं की तू तिकडच्या शाळेत नोकरी धरलीस, पणजोबांच्या कबरीपासून दोन तासांवर. लोकांना म्हणालास, पगार बरा आहे. मला काय कळत नाही होय रे? पुरायला काही नव्हतं म्हणून तू स्वतःच जाऊन राहिलास.

म्हाताऱ्याने विचारलं, "पाणी कुठे टाकलंस?" त्या एका गोष्टीत देवाने बुद्धी दिली. गटारात ओतवेना. मागच्या सज्जात आईची कढीपत्त्याची कुंडी होती, तिच्यात ओतलं. झाड महिन्याभरात वाळलं. माती तशीच आहे, मी तिला हात लावला नाही, फेकलीही नाही.

म्हातारा म्हणाला, "आधी तो कोटात तरी होता. तू त्याला तिथूनही बाहेर काढलंस. आता ज्याच्या अंगात ऊब सापडेल तिथे जाईल तो. वाईट नाही गं. घरी जायचंय त्याला, रस्ता माहीत नाही." मग म्हणाला, कोट आणि माती, दोन्ही त्याच्याजवळ जाऊ देत. लवकर. पोरगी निघायच्या आत. तो तिच्याबरोबर निघाला तर परत जिथे पडला तिथेच नेईल तिला.

धाकल्या, ऐकतोयस का? आता हे माझ्यातुझ्यातलं राहिलेलं नाही.

कोट आज सहा किलो आहे. डाग परत यायला लागलाय. आतून.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकल्यास,

बुधवारी पार्सल टाकलं. उत्तर आलं नाही म्हणून तुझ्या होकाराची वाट बघत बसले नाही. मी स्वतः यायला निघाले असते, पण या गुडघ्यांनी मला पोस्टापर्यंत नेलं हेच खूप. आणि पोरीला एकटं सोडवत नाही.

मंगळवारी रात्री नाही, दिवसाढवळ्या, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना कोट हॅंगरवरून पडला. लोखंडी हॅंगर वाकला होता. वजन केलं, आठ किलो चारशे. डाग पूर्ण आला होता, मी काढायच्या आधी होता तस्साच, कडेच्या काळपट रेघेसकट. मी त्याच्यापाशी बसले आणि खरं सांगते, रडले. म्हटलं, आजोबा, चुकलं माझं. पणजोबांना आजोबाच म्हटलं, दुसरं सुचलं नाही.

लाकडी खोका केला. खोका रिकामा चारशे ग्रॅम. कुंडीतली माती कापडात बांधली, नऊशे ग्रॅम. कोट आठ चारशे. म्हणजे सगळं मिळून नऊ किलो सातशे. इस्त्रीवालीने आणि मी दोघींनी हातगाडीवर चढवलं. तिने आपल्या देवाचं नाव घेतलं, मी आपल्या.

पोस्टातल्या कारकुनाने खोका वजनावर ठेवला. म्हणाला, "तीन किलो सहाशे."

मी म्हटलं, परत बघा. तो म्हणाला, "बाई, सरकारी काटा आहे, तुमच्या लॉंड्रीतला नव्हे." परत बघितलं. तीन किलो सहाशे. चारशे, नऊशे आणि उरले दोन किलो तीनशे, कॉलरवरच्या चिठ्ठीइतके, ग्रॅमला ग्रॅम. पावती दिली. मी तशीच बाकावर बसले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात एकच आलं. सहा किलो शंभर गेले कुठे?

काल कळलं.

काल भिंगरीची निघण्याआधीची शेवटची तपासणी होती. जानेवारीत तिचं वजन बावन्न भरलं होतं. काल भरलं अठ्ठावन्नच्या वर. डॉक्टर म्हणाला, घरचं जेवण मानवतंय वाटतं. ती हसत हसत मला सांगत होती. धाकल्या, तिच्या कमरेचा पट्टा एक भोक आत गेलाय. गालाची हाडं दिसायला लागलीत. माझ्या जिन्याची चौथी पायरी बाबा गेल्यापासून कुणाच्या पायाखाली वाजली नव्हती. ती चढली तेव्हा वाजली.

मी कोटाला धुतलं, आणि पोरीला आणून त्यात घातलं. फोटोसाठी.

पार्सल तुला पंचवीस-सव्वीसला मिळेल. मिळाल्याबरोबर जा. खोका घरात ठेवू नकोस. शाळेला रजा टाक, एकदा मास्तर नसला तर पोरं काही अडाणी राहत नाहीत.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकल्या,

हे पत्र तुला अठ्ठावीसच्या आधी मिळणार नाही, एवढं गणित मलाही येतं. तरी लिहितेय. दुसरं काय करू?

काल कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून तुझ्या शाळेत फोन लावला. कुणी कारकून म्हणाला, मास्तर वर्गात आहेत. मी म्हटलं, बहीण बोलतेय म्हणा. तो म्हणाला, "मास्तरांना बहीण आहे?" मी फोन ठेवला.

पोरीला सगळं सांगितलं. म्हटलं, जाऊ नकोस, आठ दिवस पुढे ढकल. ती म्हणाली, "आत्या, तू बाबांपेक्षा वरताण निघालीस. ते निदान आडवे पडले असते, तू भुतं उभी केलीस." माझ्या गालाला हात लावला. तिचा हात जड होता. मग म्हणाली, सहीनिशी भरती झालेय, आता पुढेमागे नाही.

शनिवारी दुपारी जेवून ती खुर्चीत बसली होती. खिडकीकडे तोंड. अर्धा तास हलली नाही, आपली भिंगरी! मी भांडी ठेवून आले. डावा हात बरगडीखाली. मी खांद्याला हात लावला, तर मान न वळवता म्हणाली, "चिमणे, दार उघड ना. केव्हाचा उभा आहे."

आवाज तिचाच होता. "उभा" म्हणाली.

पणजोबा पणजीला चिमणी म्हणायचे. तुझ्याकडच्या प्रार्थनेच्या पुस्तकात त्यांचं शेवटचं पत्र आहे, त्यावर तेच लिहिलंय. पोरीने ते कधी तुझ्याकडे वाचलं असेल. वाचलं असेलच. मी स्वतःला तसंच सांगतेय. पण मी दार उघडलं, धाकल्या. जाऊन सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिले. जिन्यात कुणी नव्हतं. आत आलंही नाही कुणी आणि बाहेरही गेलं नाही. पोरगी म्हणाली, "वारा कसला आणतेस आत्या, थंडी वाजतेय."

आज तिला मी गाठोड्यांच्या मोठ्या तराजूवर उभं केलं. थट्टेवारी नेलं. चौसष्ट.

मला तिच्याविषयी भीती वाटते. दुसरं काही नाही. कोट नको, दुकान नको, तू पुन्हा तोंड दाखवू नकोस, चालेल. मी चुकले. तू बरोबर होतास आणि बाबा बरोबर होते. हे तुला अकरा वर्षांपूर्वी ऐकायचं होतं, ते आज लिहून देते. फक्त त्यांना त्यांचं सामान दे. आणि आपल्यात ठेवतात तसा माझ्या नावाचा एक खडा कबरीवर ठेव. माझ्या हातचा नाही चालणार त्यांना, तुझ्या हाताने ठेव.

ताई


५ मार्च

धाकल्या,

तुझं कार्ड काल आलं. पण आधी मी माझं सांगते, तुझ्यावर तोंडसुख नंतर घेते.

अठ्ठावीसला सकाळी पोरीला पोचवायला गेले. लष्करी कचेरीसमोर बस उभी होती, वीस-पंचवीस मुलंमुली, प्रत्येकाची आई रडत होती. आपल्या पोरीची पिशवी मी आणि एक शिपाई मिळून धरून आणली, तिला उचलवेना. फुटपाथच्या कडेवर बसून होती. ओठ पांढरे. नाव पुकारत होते, ती ऐकत नव्हती. मी म्हटलं, झालं, संपलं, मी हिला घालवली. कचेरीच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. मी घड्याळाकडे बघत होते कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग मला शेजारी हालचाल जाणवली. तिने डावा हात बरगडीवरून काढला. पालथा-सुलटा करून बघितला. खोल श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा. आणि म्हणाली, "आत्या, काय भूक लागलीय गं मला." उठली. पिशवी एका हाताने उचलून खांद्यावर टाकली. बसच्या पायऱ्या दोन-दोन करून चढली आणि खिडकीतून ओरडली, "बाबांना मीच कळवते हं, तू बोलू नकोस!" मी म्हटलं, नाही बाई, मी कशाला बोलतेय.

घरी येताना चौथ्या पायरीवर थांबले. उगाच.

काल तुझं कार्ड आलं आणि आज तिचं पत्र. छावणीत परत वजन केलं म्हणे. बावन्न. तिथला डॉक्टर इथल्याला शिव्या घालतोय.

आता तुझं कार्ड. अकरा वर्षांनी भाऊ लिहितो, आणि काय लिहितो? तुझे शब्द तुलाच वाचून दाखवते, म्हणजे लाज वाटेल: "ताई, पार्सल सत्तावीसला मिळालं. एवढं जड काय भरलंस? पोस्टातून आणताना हमाल आणि मी, दोघांना उचलेना, तिसरा बोलवावा लागला. अठ्ठावीसला सकाळी पुरलं, दहा चाळीसला माती लोटून झाली. तिथल्या माळ्याने आधी नाही म्हटलं, मग स्वतःच फावडं दिलं. मयताच्या प्रार्थनेला, कद्दीशला, दहा माणसं लागतात, आपले सातच जमले, शाळेतले तिघे नुसते उभे राहिले. म्हटला. कुंडीतली मातीही आत घातली. तुझा खडा ठेवायचा राहिला."

खडा राहिलाच असणार. सव्वीसचं पत्र तुला नंतर मिळालं ना? म्हणजे कोट पुरून घरी आल्यावर तू ते वाचलंस, आणि वाचूनही त्या तीन वाक्यांबद्दल कार्डावर चकार शब्द नाही. बरं. तू तसाच आहेस.

पण जड म्हणालास ना? तर ही पोस्टाची पावती सोबत टाचली आहे. सरकारी काटा आहे, लॉंड्रीतला नव्हे. खोका, माती, कोट, सगळं मिळून तीन किलो सहाशे. याहून एक चिमूटही मी भरलेली नाही. तुला तिसरा माणूस कशासाठी लागला, ते तू गणिताचा मास्तर आहेस, तूच मांड. मी मांडलंय.

सत्तावीसच्या रात्री खोका तुझ्याच घरात होता, नाही का? ठेवू नकोस म्हटलं होतं. काही बोलला का रे तो? बोलला असेल तर मला पत्रात लिहू नकोस. इथे येऊन सांग. शनिवारी दुकान बंद असतं, आणि दार मी त्या शनिवारपासून लावलेलं नाही.

तुझी,
ताई